अण्णांचे बावन्न टक्के

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

वकीलसाहेब आज म्हणाले, "शेखरराव, तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही. जे दिसेल, जे ऐकाल ते तारीख घालून लिहून ठेवा. उद्या वेळ आली तर हीच तुमची साक्ष." म्हणून ही वही. खतवाल्याने दिलेली डायरी कपाटात कोरी पडली होती. मी कधी रोजनिशी लिहिलेली नाही, त्यामुळे आधी वस्तुस्थिती लिहितो.

माझे वडील मोतीराम थेटे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय एकोणऐंशी. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी अंबडला भाड्याच्या शेडमध्ये द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर बनवायला सुरुवात केली. ट्रॅक्टरमागे टाकी, पंप आणि मोठा पंखा. औषध पानाच्या पाठीपर्यंत पोचलं पाहिजे, एवढीच त्यातली करामत. आईचं नाव मैना, म्हणून ब्लोअरचंही नाव मैना. दिंडोरी-निफाडात कोणालाही विचारा. आई जाऊन सहा वर्षं झाली.

कंपनीचे बावन्न टक्के शेअर अण्णांकडे, चोवीस माझ्याकडे, चोवीस धाकटा भाऊ दीपककडे. दीपक गेल्या नोव्हेंबरात गेला. कारखान्याच्याच टेस्टिंगच्या पटांगणात, हार्ट अटॅकने, चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याचा हिस्सा आणि संचालकपद आता त्याच्या बायकोकडे, मनालीकडे. ती शाळेत विज्ञान शिकवायची. एप्रिलमध्ये नोकरी सोडली आणि रोज येऊन दीपकच्या केबिनमध्ये बसायला लागली. तिला मूलबाळ नाही. मग हा सगळा खटाटोप कोणासाठी?

मी या कारखान्यात चौतीस वर्षं घातली. माझा मुलगा सुयश इंजिनिअर होऊन इथेच लागला. आणि यंदा दसऱ्याला, यंत्रांची पूजा झाली की, आपल्या बावन्न टक्क्यांचं काय करायचं ते अण्णा सांगणार आहेत. मला त्यांनी त्याबद्दल एका शब्दाने विचारलेलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अण्णा आणि मनाली सकाळी साडेसातला तिच्या गाडीतून गेले. अण्णा म्हणाले, "त्र्यंबकला जाऊन येतो दर्शनाला." संध्याकाळी सहाला परतले.

आम्ही सगळे एकाच बंगल्यात राहतो, ते खाली, आम्ही वर. गाडीची चावी खुंटीवर असते. मी सकाळी किलोमीटर टिपले होते, संध्याकाळी पुन्हा पाहिले. दोनशे एकतीस. त्र्यंबक जाऊन येऊन साठच्या आत होतं. चाकांत काळ्या रानातला चिखल होता.

बायकोला सांगितलं तर लता म्हणाली, "अहो, तुम्ही तिच्या गाडीचे किलोमीटर लिहिता? सरळ विचारा ना, कुठे गेला होतात म्हणून."

विचारलं की माणूस सावध होतो. हे तिला कळत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मनालीने आज ड्रॉइंगच्या कपाटाची चावी मागितली. "दादा, पंख्याच्या हबचं जुनं ड्रॉइंग हवं होतं."

"कशाला?"

"बघायचंय."

विज्ञानाच्या बाईंना हबचं ड्रॉइंग कशाला बघायचंय? हब म्हणजे पंख्याच्या मधला गोल तुकडा, ज्याच्यावर सगळी पाती बसतात. आमच्या पंख्याची खरी विद्या त्यातच आहे. जुना हब अण्णांनी कोल्हापूरच्या फाउंड्रीत स्वतः उभं राहून ओतून घेतलेला. गेल्या सप्टेंबरात मी तो बदलला. नवी फाउंड्री, हलका हब, माल वेळेवर. टेस्टिंग झालं होतं. जितकं व्हायला हवं तितकं नसेल, पण सीझन तोंडावर होता आणि निर्णय कोणीतरी घ्यावाच लागतो. दोनशे बारा मशिन्स त्या हबवर गेली, एकाचीही तक्रार माझ्या टेबलावर आलेली नाही.

चावी दिली. न देण्यासारखं कारण सुचलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा "त्र्यंबक". दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर.

सुयश दुपारचा डबा हल्ली तिच्या केबिनमध्ये खातो. मी आत गेलो तर दोघं गप्प. सुयशने मोबाईल पालथा ठेवला. मी म्हणालो, "काय चाललंय?" तो म्हणाला, "काही नाही पप्पा, असंच." सत्तावीस वर्षांचा मुलगा बापाशी बोलताना टेबलाकडे बघतो, याचा अर्थ काय लावायचा?

माझ्या पोरालाही तिने वळवलं आहे का? हे वकिलांसाठी नाही, माझ्यासाठी लिहितो आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोठा शोध लागला.

काल त्यांची गाडी आली तेव्हा मागच्या सीटवर आपल्याच सर्व्हिसच्या पुस्तकातली एक पावती पडली होती. भिका देवरे, नामपूर. तारीख कालची. कामाच्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे कंपनीचं पावतीपुस्तक घेऊन हे लोक पार बागलाणात फिरतात.

मी ऑफिसात बँकेचं काम सांगितलं आणि नामपूर गाठलं. बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, त्यातून वाट काढत भिका देवरेंच्या मळ्यात पोचायला बारा वाजले. तिकडे बागा लवकर छाटतात, त्यामुळे फवारणी जोरात होती. मी कोण ते सांगितलं नाही. ब्लोअर घ्यायचाय, मैना कशी काय वाटते, असं विचारलं.

"मैना भारी शे भाऊ," ते म्हणाले. "मधमा पंखा जरा थरथरे. मग ती बाई ऊनी, संगे म्हातारबा. त्यासना मिस्तरीनी पंखा उतारा, मधला गोळा बदली दिधा. एक रुपया नही लिधा."

"कधी?"

"कालच. आधी पण येल व्हतात, गावमा आठ-दहा जनास्नं करी गयात. म्हातारबांनी सांगं, ह्या गोटनी बोंब नका करू." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तुमनं तोंड त्या म्हातारबासारखं दिखस हो."

मी चहा अर्धा टाकून निघालो.

परतीच्या वाटेवर सटाण्यापर्यंत सगळं जुळलं. फुकट पार्ट बदलून द्यायचे, गिऱ्हाईक आपलंसं करायचं, आणि वर कोणाला बोलू नका म्हणायचं. ही नव्या दुकानाची तयारी आहे. माझा हब खराब म्हणून सांगायचं, स्वतःचा बसवायचा, आणि दसऱ्यानंतर बावन्न टक्के हातात आले की मला बाजूला करायचं. नाही आले तर गिऱ्हाईक घेऊन वेगळं निघायचं. दोन्ही बाजूंनी तिचंच.

अण्णांना यात किती कळतंय, देव जाणे. म्हाताऱ्या माणसाला मळ्यातून फिरवलं, लोकांनी पाया पडून चहा पाजला, की तो खूश.

एक गोष्ट मनात आली ती लिहितो. पंखा थरथरत होता असं भिका देवरे म्हणाले. नवा हब थरथरायला नको. पण जोडणी सैल असली तर कुठलाही पंखा थरथरतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सीएंच्या ऑफिसातून खाकी पाकीट आलं. मनालीनेच सही करून घेतलं आणि सरळ अण्णांच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवलं. "काय आहे?" विचारलं तर, "अण्णांचे कागद आहेत, दादा." मला दादा म्हणते. आवाजात साखर असते.

वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, शेअर ट्रान्सफरचेच असणार, आता एखादी ठोस गोष्ट पकडा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पकडली.

सकाळी नऊ वाजता गेटवर वाल्मीकची रिक्षा थांबवली. वाल्मीक आमचा जुना फिटर, अण्णांच्या पहिल्या शेडपासूनचा माणूस, साठीचा आहे. रिक्षात गोणपाटाखाली चौदा हब. माझे नव्हेत. जुन्या पॅटर्नचे, ताजे ओतलेले. कंपनीने असा माल मागवलेलाच नाही, स्टोअरच्या वहीत नोंद नाही.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठून आले, कुठे चाललेत?"

वाल्मीक खाली बघत उभा राहिला. "शेखरभाऊ, म्या चोर नाय. पन काय हाय ते मला सांगता येनार नाय. तुम्ही अण्णांना इचारा."

"मी तुला विचारतोय."

"मला नाय सांगता येनार."

"मग उद्यापासून येऊ नकोस. चौकशी होईपर्यंत निलंबित."

त्याने खिशातला स्पॅनर काढून गेटच्या कट्ट्यावर ठेवला. तो त्याचा स्वतःचा होता, कंपनीचा नव्हता. तरी ठेवला. आणि चालत गेला, रिक्षासुद्धा तिथेच सोडून. शेडमधली सगळी माणसं दारात उभी होती. मला बरं वाटायला हवं होतं.

मनाली धावत बाहेर आली. "दादा, काय केलंत हे?" तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हणालो, "आता घाबरलीस ना?" ती भीती मी चांगली ओळखतो, पकडलं गेल्याची.

दुपारी अण्णा आले. दार लावून घेतलं. "शेखर, वाल्मीकला परत घे. मी सांगतो म्हणून."

"कारण सांगा."

अण्णा भिंतीवरच्या दीपकच्या फोटोकडे किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दसरा होऊ दे. मग सांगतो."

"मग दसऱ्यानंतर घेतो."

ते काठी टेकत उठले. दारात थांबून म्हणाले, "तू जेवतोस का नीट?" याचा काय संबंध ते मला कळलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

चार दिवस झाले, मनालीची गाडी जागची हललेली नाही. माझा घाव बरोबर बसला. मात्र ती सारखी फोनवर असते, आणि मी जवळून गेलो की आवाज खाली करते. एकदा "आठवडाभर चालवू नका, प्लीज" एवढंच ऐकू आलं. काय चालवू नका? माझा कारखाना?

लता दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. चतुराबाई, वाल्मीकची बायको, तिला देवळात भेटली होती म्हणे. "ती रडली नाही, नुसतं विचारलं, शेखरभाऊंची तब्येत बरी आहे ना," असं लताने सांगितलं. सगळ्यांना माझ्या तब्येतीची फार काळजी.

२७ सप्टेंबर, शनिवार

झालं ते लिहायला हवं.

सकाळी दहाच्या सुमारास मोहाडीहून फोन आला. एका बागेत मैनाचा पंखा चालू असताना फुटला. जाळी फाडून पात्याचा तुकडा बाहेर आला. घरची सून, हर्षाली नाव, वय चोवीस, मागे पाण्याचा कॉक बघायला उभी होती. उजवा हात कोपराखाली मोडला, खोल जखम झाली. ऑपरेशन झालं. जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मनाली आणि अण्णा तडक हॉस्पिटलला गेले. मी निघालो होतो. वकीलसाहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, "जाऊ नका. बोलू नका. आणि काही झालं तरी कशावरही सही करू नका." मी गाडीत बसून राहिलो, मग गाडी परत आत लावली.

हे लिहायला मन धजत नाही, पण मनात आलं ते आलं. वाल्मीकला काढून नऊ दिवस झाले. त्याला प्रत्येक मशीनचा प्रत्येक नट माहीत आहे. सूड म्हणून एखादा नट सैल केला असेल तर?

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी चहाच्या टेबलावर सुयशने वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर फुटलेला हब ठेवला. मोहाडीहून आणलेला. लता ओट्याशी उभी होती, तिने गॅस बंद केला.

"बघा पप्पा."

मी बघितलं. माझा हब. फुटलेल्या जागी आत बारीक बारीक छिद्रं, पावात असतात तशी. नट सगळे जागच्या जागी, घट्ट. ओतकामच पोकळ होतं.

सुयश उभ्यानेच बोलत होता. नामपूरला जुलैच्या शेवटी पहिला पंखा तडकला. शेतकऱ्याने अण्णांना फोन केला. मनालीने दीपकच्या टेस्टच्या वह्या काढल्या, त्यात त्याने लिहून ठेवलं होतं की नवा हब अडीचशे तासांच्या पुढे टिकणार नाही. अण्णांनी स्वतःच्या नावावर कोल्हापूरहून जुने हब ओतून घेतले. मग अण्णा, मनाली आणि वाल्मीक, शेतामागून शेत. एकशे सदुसष्ट बदलून झाले होते. पंचेचाळीस राहिले होते.

"वाल्मीककाकांना तुम्ही काढलंत आणि काम थांबलं. काकूने सगळ्यांना फोन केले, चालवू नका म्हणून. मोहाडीचा नंबर लागलाच नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"काकू पहिल्या दिवसापासून म्हणत होती, पप्पांना सांगू, सगळ्यांना एकदम पत्र पाठवू. अण्णाच नको म्हणाले." सुयशने हब वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. "ते म्हणाले, शेखरला आत्ता कळलं तर दीपकच्या जाण्याचा दोष तो स्वतःकडे घेईल. आधी सगळं निस्तरू, मग सांगू."

माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं."

सुयश म्हणाला, "दीपककाकांनी तर तुम्हाला सांगितलं होतं ना, पप्पा?"

हो, त्याने सांगितलं होतं. इथे लिहायची गरज नाही असं आजवर वाटत होतं, पण लिहितो. गेला त्या दिवशी सकाळी दीपक तडा गेलेला हब घेऊन माझ्या केबिनमध्ये आला होता. म्हणाला, "दादा, मशिन्स थांबवू." मी म्हणालो, "तू टेस्टिंग करत बस. धंदा मला करू दे." तो हसला आणि पटांगणात गेला. दुपारी अडीचला वाल्मीकने हाक मारली.

३० सप्टेंबर, मंगळवार

वकिलांकडे जाऊन आलो. त्यांना हबचं सांगितलं. ते म्हणाले, "हे सगळं खरं असेलही. पण दसऱ्याच्या तोंडावरच तुम्हाला का कळावं? विचार करा. कबुली तुमच्या हाताने घेतली की तुमचं संचालकपद एका ठरावात जातं. मग बावन्न टक्के कोणाकडे जाणार ते उघड आहे."

मी घरी येताना हेच घोळवत होतो. हबमधली छिद्रं मी डोळ्यांनी पाहिली. पण छिद्रं खरी म्हणून मनाली खरी, असं थोडंच आहे?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली. लेथला, ड्रिलला, वेल्डिंगच्या सेटला झेंडूच्या माळा. वाल्मीकही आला होता, अण्णांनी स्वतः बोलावलं होतं. तो मागे दाराशी उभा होता. सोनं देताना त्याने माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि नजर न उचलता पुढे गेला.

मग अण्णा ऑफिसात बसले. समोर मी, मनाली, सुयश. टेबलावर दोन गोष्टी, खाकी पाकीट आणि एक टाइप केलेलं पत्र.

अण्णा म्हणाले, "आधी हे पत्र. चव्वेचाळीस मशिन्स बाहेर आहेत. त्यांतल्या एकोणीस जणांचा पत्ता लागत नाही, मशिन्स विकली गेली, नंबर बदलले. उद्याच्या पेपरात हे छापून आलं पाहिजे. चूक माझीही आहे. झाकून निस्तरायला गेलो, आणि एका पोरीचा हात गेला असता. पण उत्पादन तुझ्याकडे आहे, शेखर. सही तुझी पाहिजे."

मी वाचलं. 'गेल्या सप्टेंबरपासून आमच्या कारखान्याने बसवलेला पंख्याचा हब सदोष आहे. जुना हब बदलण्याचा निर्णय चुकीचा होता. कृपया मशीन ताबडतोब बंद ठेवावे. आम्ही शेतावर येऊन बदलून देऊ.' खाली माझं नाव, संचालक, उत्पादन.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मी लिहिलं, दादा," मनाली म्हणाली.

बस. तेवढ्यावर माझं डोकं फिरलं. 'निर्णय चुकीचा होता', हे तीन शब्द तिने घातले होते. मी म्हणालो, "मला दोन दिवस द्या. वकिलांना दाखवतो."

"दोन दिवसांत किती फवारण्या होतात हे तुला मी सांगू?" अण्णा म्हणाले. "आभाळ आहे. डाऊनी रोगाच्या भीतीने लोक रोज औषध मारतायत."

"मी आत्ता सही करणार नाही."

सुयश खिडकीकडे वळला. अण्णांनी डोळे मिटले. मग मनालीने पत्र आपल्याकडे ओढलं, माझ्या नावावर रेघ मारली, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली.

अण्णांनी पाकीट उघडलं नाही. पिशवीत ठेवलं. "उद्यापासून कारखाना मनाली बघेल," एवढंच म्हणाले आणि उठले.

वर येऊन मी वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम. तुमची सही नाही, हे फार बरं झालं."

५ ऑक्टोबर, रविवार

जाहिरात परवा आली. आज संध्याकाळपर्यंत एकोणिसांपैकी अकरा जणांचे फोन आले. शिव्या देणारे दोन, बाकीचे विचारत होते, कधी येताय? माझ्या फोनवर एकही नाही. जाहिरातीत नंबर तिचा आहे.

दुपारी सुयश म्हणाला, "पप्पा, पाकिटात तुमचं नाव होतं."

"तुला कोणी सांगितलं? तिने?" हेच माझ्या तोंडातून आधी निघालं.

तो उठून गेला.

अण्णा झोपले होते. ड्रॉवरला कुलूप नव्हतं, कधीच नव्हतं. मी इतके दिवस कुलूप आहे असं धरून चाललो होतो. पाकीट वरच होतं. शेअर ट्रान्सफरचे कागद. देणार, मोतीराम थेटे. घेणार, शेखर मोतीराम थेटे. बावन्न टक्के, सगळेच्या सगळे. अण्णांची सही झालेली. साक्षीदार म्हणून मनालीची.

मी घेणाऱ्याच्या रकान्यातलं माझं नाव तीन-चारदा वाचलं. टायपिंगची चूक असेल असंही एकदा वाटलं.

मागून अण्णा म्हणाले, "ठेव ते जागेवर." अण्णा जागेच होते. "आता त्या शेअरांचं काय करायचं ते मला ठरवायचंय. घाई नाही." आणि कूस बदलली.

६ ऑक्टोबर, सोमवार

मनालीच्या केबिनमध्ये गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दार वाजवून. विचारलं, "तुला काय हवं होतं?"

ती म्हणाली, "दीपकच्या शेवटच्या वहीत पाच पानं कोरी आहेत, दादा. ती टेस्ट मला पुरी करायची होती. बाकी तुमचंच होतं."

मी तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते बघत होतो. सवय. सापडलं नाही. थकलेली दिसत होती.

"अजून किती राहिलेत?"

"छत्तीस. आणि वाल्मीककाका एकटे आहेत."

९ ऑक्टोबर, गुरुवार

चुंचाळ्याला वाल्मीकच्या घरी गेलो. तो कामावर निघायच्या तयारीत होता. चतुराबाईंनी खुर्ची पुसून दिली. मी ठरवलेलं सगळं विसरलो. "वाल्मीक, मी गेटवर..." इथपर्यंतच आलो.

तो बुटाची नाडी बांधत होता. "लय लागलं बघा, शेखरभाऊ," म्हणाला. "खोटं कशाला बोलू? अजून लागतंय."

तो दुसऱ्या बुटाकडे वळला. मग तो म्हणाला, "तुम्हाला हब उतरवता येतो का अजून? का विसरलात?"

"येतो."

"मग चला. माझ्याच्यानं एकट्यानं होत नाय."

वकीलसाहेबांचे चार मिस्ड कॉल आहेत.

११ ऑक्टोबर, शनिवार

तीन दिवसांत सात मशिन्स केली. हाताची सालटं निघाली आहेत. आजची शेवटची जागा मोहाडी. मीच मागून घेतली.

जाळी नवी, पाती नवी, हब जुन्या पॅटर्नचा. वाल्मीक दुसऱ्या मळ्यात होता, मी एकट्यानेच बसवला. घरचे लोक लांब ओट्यावर उभे राहून बघत होते. कोणी जवळ आलं नाही. हर्षाली बाहेर आली, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी नाव सांगितलं. संपूर्ण नाव सांगितलं. हब मीच बदलला होता, सही करायचंही मीच टाळलं, हेही सांगितलं.

तिचा सासरा काहीतरी बोलायला पुढे झाला. तिने डाव्या हाताने त्याला थांबवलं. "आता फुटणार नाही कशावरून?" तिने विचारलं.

वजन, धातू, दोनशे पन्नास तास, कोल्हापूर, सगळं सांगता आलं असतं. इतके दिवस मीच कोणाचं काही ऐकून घेतलं नव्हतं, तिने माझं का ऐकावं?

"तुम्ही कुठे उभ्या होतात?" मी विचारलं.

तिने बोटाने दाखवलं. टाकीच्या डाव्या अंगाला, कॉकजवळ, जाळीपासून दीड हातावर. मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि ट्रॅक्टरवरच्या पोराला म्हणालो, "चालू कर. पूर्ण रेस दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली.

पंखा फिरायला लागला. आवाज चढत गेला, शर्ट अंगाला चिकटला, वेलींची पानं सगळी एका बाजूला झुकली. मला पळावंसं वाटलं, ते लिहून ठेवतो. दहा मिनिटं मी तिथेच उभा होतो. मग ती ओट्यावरून उतरली आणि सावकाश चालत ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापर्यंत आली. त्याच्या पुढे आली नाही.